पाठीची साक्ष

चुन्याचं बोट पानावर फिरवता फिरवता मधेच थांबायचं, हवेत उभं राहायचं, आणि मग डोळे किंचित मिटून तो म्हणायचा, "थो? थो तं आपलाच माणूस हाय!"

हे बोट आणि हे वाक्य ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी त्या काळातलं घाटंजी पाहिलंच नाही असं मी म्हणेन. 'थो' कोण, याला काही महत्त्व नसे. नागपूरचा बडा डॉक्टर असो, सिनेमातला नट असो, की यवतमाळला नवीन आलेला कलेक्टर असो, सगळे त्याचे आपलेच. राज्यांची फेरमांडणी झाली आणि आम्ही विदर्भवाले मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेलो, तेव्हा आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी मुद्दाम विचारलं, "भाऊ, आता मुख्यमंत्री बदलला, आता कसं?" बोट क्षणभरही अडखळलं नाही. "पह्यला बी आपलाच होता. हा बी आपलाच हाय."

सगळं गाव त्याला भाऊ म्हणायचं. मोटारस्टँडसमोर कडुलिंबाखाली त्याचा पानठेला होता. चार पायांवर उभी केलेली लाकडी पेटी, आणि तिच्यात मांडी घालून बसलेला भाऊ. डोक्याला लाल पटका, अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा. आम्ही मास्तरमंडळी सकाळी शाळेत निघायचो तेव्हा तो बसलेला असायचा, परत यायचो तेव्हाही बसलेलाच असायचा. दिसायचा तो कमरेच्या वरचा आणि समोरचा. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला मागची बाजू असते की नाही याचा विचार आपण करतो का? तसंच ते होतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

त्याची माझी पहिली भेट मी शाळेत मास्तर म्हणून नोकरीवर हजर झालो त्या दिवसाची. हातात पत्र्याची पेटी, पेटीत बी.ए.चं सर्टिफिकेट. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; त्यामुळे ते सर्टिफिकेट मी दिवसातून एकदा तरी उघडून पाहत असे. शाळेजवळ एक खोली रिकामी होती, पण घरमालक एकट्या पोराला खोली द्यायला तयार नव्हता. आमची घासाघीस ठेल्यासमोरच चालली होती. भाऊने एक पान लावायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मला न्याहाळलं. मग बोट वर झालं.

"देऊन टाका खोली. आपलाच माणूस हाय."

घरमालकाने मुकाट्याने किल्ली काढून दिली. मी थक्क झालो. घराबाहेरच्या कोणी मला आपला म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. मी कृतज्ञतेने म्हणालो, "आपला मी अत्यंत आभारी आहे."

भाऊने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "मास्तर, तुमी असे छापील काहून बोलून राह्यले? बरं नाई वाटत काय तुमाले?"

तेव्हापासून मी त्याच्या लेखी 'छापील मास्तर' झालो.

आता खरं सांगायचं तर त्याच्या 'आपल्या' माणसांपैकी निम्म्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नसेल. पण गंमत अशी, की ते वाक्य चालायचं. कोणाला मोटारीत जागा मिळायची, कोणाला दवाखान्यात खाट मिळायची, कोणाला पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्याची बैलजोडी मिळायची. भाऊने आपला म्हटलेला माणूस हळूहळू खरंच आपल्यासारखा वागू लागायचा. त्याच्या ठेल्यावर पान हे निमित्त होतं. खरं दुकान त्या वाक्याचं होतं.

या दुकानाला एकच गिऱ्हाईक फसत नसे, ते म्हणजे टेलरचाचा. ठेल्याला लागूनच्या ओसरीत चाचांचं शिवणयंत्र होतं. गळ्यात मापाची फीत, नाकावर चष्मा, तोंडात भाऊचंच पान, आणि जिभेवर भाऊचीच निंदा. चाचांचं एक जुनं दुखणं होतं. भाऊ बंडी शिवून घ्यायचा ती सासुरवाडीच्या शिंप्याकडून.

"मेरे बाजू में बैठता है, अन् बंडी सासऱ्याच्या गावची घालते!" चाचा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. "अन् मले म्हणते, चाचा आपलाच माणूस हाय!"

भाऊची बायको, आमची वहिनी, दुपारी डबा घेऊन ठेल्यावर यायची. नवऱ्याबद्दल तिचं मत पक्कं होतं. "यायच्या दहा गोष्टी ऐकाच्या, नऊ फेकून द्याच्या, अन् दहावी धुऊन घ्याची." भाऊ यावर फक्त हसायचा आणि तिच्यासाठी गोड पान लावायचा.

भाऊची आणखी एक खोड. तो फोटो काढू देत नसे. "फोटूत तोंड गेलं का मानूस अर्धा तिकडंच राह्यते," असं त्याचं म्हणणं. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही त्याला आग्रहाने शिक्षकांच्या रांगेत उभं केलं. फोटोग्राफरने काळ्या कापडात डोकं घातलं आणि नेमका त्याच क्षणी भाऊ गर्रकन वळला. तो फोटो शाळेत अजून आहे. त्यात आम्ही सगळे डोळे ताणून उभे आहोत, आणि कडेला पटक्याचा एक धुरकट लाल शेमला तेवढा उडतो आहे. लाल मी म्हणतो. फोटोत तो काळाच आहे.

एका उन्हाळ्यात बातमी आली, की एका फार नावाजलेल्या चित्रकाराच्या चित्रांचं प्रदर्शन यवतमाळला भरतं आहे. नाव घेत नाही, पण त्या काळात ज्याच्या घरात कॅलेंडर होतं त्याच्या घरात त्यांचं चित्र होतं. लोक जत्रेला जावं तसे जात होते. मी ठेल्यावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत होतो. "प्रदर्शनातील सर्वांत भव्य चित्र कळंबच्या चिंतामणीच्या पायऱ्यांचे असून..."

भाऊचं बोट थांबलं. हवेत उभं राहिलं.

"थो चित्रकार? थो तं आपलाच माणूस हाय." नेहमीप्रमाणे कोणी लक्ष दिलं नाही. मग तो म्हणाला, "अन् त्या चित्रात मी हाय."

ओसरीतलं शिवणयंत्र थांबलं.

भाऊने हकीकत सांगितली. ठेला टाकायच्या आधीची गोष्ट. तो चतुर्थीला कळंबला गेला होता. तिथे एक माणूस कागद घेऊन बसला होता. भाऊने त्याला पान खिलवलं. "मले म्हणे, भाऊ, असाच उभा राह्य जरा. मी राह्यलो."

"भाऊ, तुम्ही तर फोटोसुद्धा काढू देत नाही," मी प्रामाणिकपणे शंका काढली. "मग चित्र कसं काढू दिलं?"

"फोटू येगळा, चित्र येगळं," भाऊ म्हणाला. पण जरा घाईने म्हणाला.

चाचा उठून ठेल्यासमोर येऊन उभे राहिले. "ठीक है. आपण सगळे जाऊन पाहू. झूट निघालं तं आजपासून ते 'आपलाच माणूस' बंद. जिंदगीभर बंद. मंजूर?"

ठेल्यावर सगळे हसले. मी भाऊकडे पाहत होतो. त्याच्या बोटावरचा चुना वाळून पांढराफटक झाला होता. पान बंद करा म्हटलं असतं तर तो एवढा दचकला नसता.

"अन् खरं निघालं तं?" त्याने विचारलं.

"तं तुझी बंडी मी शिवीन. जिंदगीभर. फुकट."

"मंजूर," भाऊ म्हणाला, आणि त्याने माझ्या पानात चुना दुप्पट घातला. माझं तोंड दोन दिवस भाजत होतं.

रविवारी आम्ही मोटारीने निघालो. वहिनी हातात नारळ आणि हळदीकुंकवाची पुडी घेऊन आली होती.

"वहिनी, नारळ कशाला?" मी विचारलं.

"चिंतामणीच्या दर्शनाले चाललो ना?"

मी तिला समजावून सांगितलं. बी.ए.ला मराठी हाच माझा विषय होता. दर्शन वेगळं आणि प्रदर्शन वेगळं. दर्शनात देव असतो, प्रदर्शनात देवाचं चित्र असतं. तिथे पूजा करायची नसते, नुसतं पाहायचं असतं; चपलासुद्धा काढायच्या नसतात.

वहिनीने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे 'पर' लागला का चपला घालाच्या?"

"हो."

"अन् नारळाचं काय?"

"तिथे नारळाला काही अर्थ नाही."

"असं," वहिनी म्हणाली, आणि नारळ पदराखाली घेतला.

यवतमाळच्या त्या सभागृहाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. 'चपला काढू नयेत' अशी पाटी होती, आणि लोकांनी तिच्याच खाली चपला काढल्या होत्या. छातीला बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक हात जोडून विनवत होता, "घालून या हो, घालून या!" आणि माणसं त्याला भला माणूस समजून उलट नमस्कार करत होती. भाऊने त्याला चित्रकाराबद्दल विचारलं. चित्रकार उद्घाटन करून कालच नागपूरला गेले होते.

"मी येनार हे त्यायले कळलं नसन," भाऊ म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्याची कळा होती.

आत रेटारेटी होती. एका चित्रातल्या बैलजोडीसमोर कोण्या गावचे दोन शेतकरी अडून बसले होते. "जोडी चांगली हाय, पन दात नाई दाखवले. वय कसं समजाव?" दुसऱ्या चित्रातल्या देवीच्या चौकटीला कोणीतरी कुंकू लावूनही टाकलं होतं. असं करत आम्ही त्या मोठ्या चित्रापुढे आलो.

कळंबचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल. तिथे देवाला वर चढून जायचं नसतं, जमिनीच्या पोटात पायऱ्या उतरून जायचं असतं. चित्रकाराने ते वरून, पायऱ्यांच्या तोंडाशी बसून काढलं होतं. वर लख्ख ऊन, खाली गारेगार काळोख, आणि मधे पायऱ्या उतरणारी माणसंच माणसं. पटके, पदर, टोप्या, कडेवरची पोरं.

आणि सगळे पाठमोरे. अख्ख्या चित्रात एक चेहरा नव्हता.

चाचांना आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. चष्मा काढून डोळे पुसत ते म्हणाले, "भाऊ, तेरा मुंह किधर है?"

भाऊ चित्राकडे पाहतच राहिला. चित्र असं असेल हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढं मला नक्की दिसलं. त्याचं बोट वर झालं. आज त्याला चुना नव्हता. ते चित्रावरून भटकलं, आणि मधोमध उतरणाऱ्या एका लाल पटक्यावर थांबलं.

"हा मी."

"ही तं पाठ हाय!"

"मंग?" भाऊ एकदम तरतरीत झाला. "मी फोटू काढू देतो का कोनाले? म्हनूनच तं पाठ देल्ली त्यायले!"

पण चाचा सोडणारे नव्हते. त्यांनी भाऊच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला, त्याला चित्राशेजारी नेलं आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "आता पाहा सगळ्यायनं. सारखी हाय का?"

आम्ही पाहिलं, आणि आमच्या ध्यानात आलं की आमच्यापैकी कोणीही भाऊची पाठ आजवर पाहिलेलीच नव्हती. वर्षानुवर्षं आम्ही त्याच्यासमोर उभे होतो, पण समोरच. मोटारीतसुद्धा तो दुपट्टा पांघरून टेकून बसला होता. हे जाणूनबुजून की काय, कोण जाणे.

तोवर गर्दी जमली. पुसदकडची काही मंडळी भाऊला प्रदर्शनाचाच भाग समजली. "हा पाहा, याच्यावरूनच काढलं," एकाने दुसऱ्याला समजावलं. दुसरा म्हणाला, "हट, हा तं जाडा हाय." त्यावर एक म्हातारी म्हणाली, "चित्र जुनं हाय ना बावा. मानूस पोसला अशीन मंग!" आणि तिने चित्राला केला तसाच भाऊच्या पाठीलाही नमस्कार केला.

स्वयंसेवक धावत आला. "ओ, तिथे उभं राहू नका! लोकांना चित्र दिसत नाही!"

भाऊ न वळता म्हणाला, "मी चित्रातलाच हाय, साहेब."

"मास्तर," चाचांनी मला पुढे ओढलं, "तुमी बी.ए. हाय. तुमी सांगा."

मी चित्र पाहिलं, भाऊला पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं, आणि माझ्या शिक्षणाला जागून म्हणालो, "साधर्म्य आहे. परंतु निश्चित असे काही सांगता येणार नाही."

भाऊचा चेहरा मला दिसत नव्हता. पण पाठही पडते, हे मी त्या दिवशी पाहिलं. ताठ उभा असलेला तो माणूस दोन्ही खांद्यांतून एक बोटभर खाली आला.

"बस!" चाचा म्हणाले. "झाला फैसला."

"थांबा," मागून आवाज आला.

वहिनी इतका वेळ चित्रात देव शोधत होती. "खालच्या अंधारात अशीन," असं स्वतःशीच म्हणून तिने चित्राला हात जोडले होते. आता ती पुढे आली. चाचांनीच तिला वाट करून दिली, कारण भाऊच्या बढाया मोडून काढण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. भाऊची मान आणखी खाली गेली.

"भाभी, तुमी बोला," चाचा म्हणाले. "पण झूट नको. हातात चिंतामणीचा नारळ हाय, याद ठेवा."

वहिनीने पदराखालचा नारळ बाहेर काढून दोन्ही हातांत धरला. चित्राच्या अगदी जवळ गेली. मग नवऱ्याच्या मागे उभी राहिली. मग पुन्हा चित्र.

"यायचीच हाय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"डावा खांदा पाहा, खाली हाय. चित्रातला बी, अन् हा बी." मग ती आमच्याकडे वळली आणि तिचा आवाज चढला. "तुमाले काय समजते? यायचं तोंड सारं तुमच्याकडंच. मले काय दिसते? सकाळी घरातून निघाले का पाठ, जेवून उठले का पाठ. लग्न झाल्यापासून हेच तं पाहून राह्यली मी! मी नाई ओळखन तं कोन ओळखन?"

ती पुसदकडची मंडळी असे काही खदखदून हसली, की स्वयंसेवकही हसू लागला. चाचांनी गळ्यातली फीत काढली, भर प्रदर्शनात भाऊच्या पाठीला लावली, इकडून मोजलं, तिकडून मोजलं. डावा खांदा खरंच खाली होता.

"या अल्ला," चाचा पुटपुटले, "आता याची बंडी शिवा."

भाऊ वळला. वहिनीकडे बघायचं धैर्य त्याला होईना. तो चाचांच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "काही म्हना, चाचा आपलाच माणूस हाय."

परतताना मी त्या दोघांच्या पुढच्या बाकावर होतो. बऱ्याच वेळाने वहिनीचा दबका आवाज आला. "या खेपी पाठीची साक्ष देल्ली. पुढच्या खेपी तोंडाची देईन. मंग पाहा."

घाटंजी येईपर्यंत भाऊ गप्प होता. असं पूर्वी कधी झालेलं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

मला मात्र चैन पडेना. दोनतीन दिवसांनी मी वहिनीला एकटीला गाठून विचारलंच. "वहिनी, हातात नारळ घेऊन तुम्ही बोललात. ते खरंच होतं ना?"

वहिनी निर्विकार चेहऱ्याने म्हणाली, "मास्तर, तुमीच तं सांगतलं, हे दर्शन नोय, परदर्शन हाय. तिथं नारळाले काही अर्थ नाई."

"म्हणजे ते खोटं होतं?"

"असं कुठं म्हटलं मी? खांदा तं खाली होता ना?" आणि डबा घेऊन ती ठेल्याकडे चालू लागली.

पुढच्या वर्षी एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या कॅलेंडरवर तेच चित्र आलं. भाऊने ते ठेल्यात लावलं. वर्ष सरलं, तारखा फाटून गेल्या, चित्र राहिलं. चाचांनी शब्द पाळला. डावा खांदा जमवून शिवलेली बंडी भाऊच्या अंगावर अशी बसू लागली, की ती दाखवायला तो अधूनमधून ठेल्यातून उतरून स्टँडवर उगाच एक चक्कर मारू लागला. पाठ सगळ्यांना दिसेल अशी. आणि पायऱ्या उतरणारी ती बाकीची माणसं कोण, असं कोणी विचारलं की बोट हवेत उभं राहायचं. तुम्हाला उत्तर ठाऊकच आहे.

महाराष्ट्र झाला, आणि काही वर्षांनी माझी बदली पुसदला झाली. तिथेच एक दिवस चाचांचा निरोप आला, की भाऊ गेला. फार दुखणं नाही, काही नाही. सकाळी घरातून निघाला, तो अंगणातच बसला.

मी पोचलो तेव्हा घरात मंडळी जमली होती. भिंतीशी पाटावर चौकट ठेवून तिला हार घातला होता. मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. भाऊचा एकही फोटो नव्हता, हे मी विसरलो होतो. चौकटीत कॅलेंडरचं चित्र होतं. वर ऊन, खाली काळोख, आणि उतरत जाणारी माणसं. येणारा प्रत्येक जण त्या पाठींना नमस्कार करत होता. चाचा कोपऱ्यात बसले होते. गळ्यात फीत तशीच.

वहिनीच्या माहेरकडचा एक पाहुणा उशिरा आला. त्याने भाऊला कधी पाहिलं नव्हतं. हात जोडून तो बराच वेळ चौकटीकडे पाहत राहिला, आणि मग गोंधळून त्याने शेजारी बसलेल्या मला हळूच विचारलं, "यातले ते कोनते?"

माझं बोट कधी वर झालं मला कळलं नाही. ते मधल्या लाल पटक्यावर जाऊन थांबलं.

"हा," मी म्हणालो. "आपलाच माणूस हाय."

वहिनीने भिंतीशी टेकलेलं डोकं उचललं. डोळे रडून सुजले होते, पण माझ्याकडे पाहून त्यांत जुनं काहीतरी चमकलं.

"मास्तर," ती म्हणाली, "हातात नारळ देऊ का?"